वाशिम टू बर्फ, व्हाया नागपूर

आईबाबांना विमानात बसवून मनालीला नेणं सोपं आहे. पण तेच १,९०० किलोमीटर गाडीनं नेलं, तर बर्फाची गोष्ट वेगळीच होते.

मराठी माणसाची बर्फाशी पहिली भेट होते गोळ्याच्या गाडीवर. काला खट्टा मारके, ओठ जांभळे, घरी आल्यावर आईचा ओरडा. दुसरी भेट फ्रिजमध्ये, जेव्हा कुल्फीचा साचा फ्रीजरला चिकटून बसतो. तिसरी पेपरात. दर हिवाळ्यात एक दिवस ‘महाबळेश्वरला दवबिंदू गोठले’ ही बातमी वेण्णा लेकच्या फोटोसकट येते आणि ऑफिसात निम्मे लोक ती एकमेकांना फॉरवर्ड करतात. बाकी आभाळातून पडणारा खराखुरा बर्फ आपल्याला माहीत आहे तो हिंदी सिनेमाच्या कृपेनं. १९६१च्या ‘जंगली’त शम्मी कपूर बर्फाच्या उतारावर घरंगळला, तेव्हापासून बर्फ म्हणजे रोमान्स हे समीकरण फिट्ट बसलंय.

गंमत म्हणजे शब्द आपल्याकडे आहे. हिवाळ्यातलं ‘हिव’ म्हणजे मुळात हिमच. हिवतापातलंही तेच. पण आपल्या हिवात स्वेटर लागतो, फावडं लागत नाही.

वाशिम जिल्ह्यात मात्र बर्फाची चौथी ओळख असते, आणि ती बिलकूल रोमँटिक नाही. गार.

फेब्रुवारी-मार्चचे दिवस. हरभरा घाट्यांनी भरलेला, गहू ओंबीवर, आंब्याला मोहर. दुपारी ऊन मी म्हणतं. चारच्या सुमाराला एका कोपऱ्यातून आभाळ काळंनिळं होत येतं, वारा सुटतो आणि पत्र्यावर तडातड सुरू होतं. दहा मिनिटांचा खेळ. नंतर वावरात जाऊन बघितलं तर पांढरी चादर, आणि त्या चादरीखाली वर्षाची कमाई. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर हप्त्याहप्त्यानं अशी गारपीट होत राहिली. ११ फेब्रुवारी २०१८चा रविवारही विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना तारखेसकट पाठ आहे. वाशिम जिल्हा तेव्हाही त्यात होता.

त्यामुळे ‘बाबा, आपण सगळे बर्फ बघायला जाऊ’ असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा पलीकडून आलेलं उत्तर अगदी लॉजिकल होतं.

“आभायातून पांढरं पडते ते पाहाले पैसे खर्चून कायले जा लागते? आपल्या वावरात पडते नं फुकट.”

रजेचा फंडा

हिंजवडी, खराडी, बीकेसी, कुठेही बसा. आपल्या पिढीच्या डोक्यात एक फोल्डर असतं. नाव ‘पुढच्या वर्षी’. आत फाइल्स: आईबाबांना काशी, आईबाबांना समुद्र, आईबाबांना बर्फ. दर अप्रेझलनंतर आपण ते उघडतो, बघतो, बंद करतो. पण बर्फाच्या फाइलला एक्स्पायरी डेट असते हे कुणी सांगत नाही. काशीला सत्तरीतही जाता येतं. बर्फ मात्र उंचावर असतो, आणि उंची गुडघ्यांना आणि छातीला वय विचारते. आमच्या आईला जिन्याच्या पायऱ्या आता मोजून चढाव्या लागतात. बाबांना बीपीची गोळी सुरू होऊन चार वर्षं झाली. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

बरं, रजा फक्त आपल्यालाच लागते असं नाही. शेतकऱ्याचं कॅलेंडर आपल्या एचआरपेक्षा कडक असतं. जूनमध्ये पेरणी. मग डवरणी, निंदण, फवारणी. ऑक्टोबरात सोयाबीन. डिसेंबर-जानेवारीत तूर. त्यानंतर हरभरा, गहू. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि वऱ्हाडात लग्न चुकवणं म्हणजे वैर घेणं. मधे उरते एक फट: हरभऱ्याची पोती घरात आली की गहू काढेपर्यंतचे पंधरा दिवस. म्हणजे मार्चचा मध्य. नेमका तोच आपला ‘इयर एंड’. नऊ रजा आणि दोन वीकएंड मिळून तेरा दिवस जमवायला मला बॉसशी जेवढं बोलावं लागलं, त्याहून जास्त बाबांशी बोलावं लागलं. शेवटी आईनं निकाल दिला. “मले पाहाचा हाय. गारा नाई, बर्फ. पिच्चरमधला.” विषय संपला.

मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं वाशिमला पोचलो. गाडी ताईची, ड्रायव्हर दोन: ताई आणि मी. मागे आईबाबा आणि मधे नऊ वर्षांचा भाचा. त्याच्या शाळेला काय कारण सांगितलं ते इथे छापत नाही.

गाडीच का, असं सगळ्यांनी विचारलं. वाशिमहून विमान पकडायचं तर आधी नागपूर किंवा नांदेड गाठा. रेल्वेनं जायचं तर पूर्णा-अकोला लाइनवर २००८ला ब्रॉडगेज आली खरी, पण दिल्लीच्या बाजूला जायचं म्हणजे बहुतेकदा अकोल्याला उतरून पुढची गाडी बघायची. हे झालं वरवरचं कारण. खरं कारण म्हणजे उंची. वाशिम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, मनाली दोन हजारांवर आणि आम्हाला जायचं होतं ते ठिकाण तीन हजारांच्या पुढे. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो: डोकं दुखणं, मळमळ, धाप. जवान पोरांनाही होतो. त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हळू चढणं. विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी बर्फात पळणाऱ्यापेक्षा, चार मुक्काम करत चढलेलं शरीर शहाणं असतं. डॉक्टरांनी बाबांना तपासलं, गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या आणि सांगितलं, “वरती धावपळ नाही.” बाबा म्हणाले, “खाली तरी कुठं करतो?” हे साफ खोटं होतं.

नंबर ४४

रूट सॉलिड सोपा आहे. वाशिमहून शेलूबाजार, तिथून समृद्धी महामार्ग, तीनेक तासांत नागपूर. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून वाशिमकरांसाठी नागपूर एकदम जवळ आलंय. एकच सावधगिरी. समृद्धी सरळ आहे, फारच सरळ. वळण नाही, चौक नाही, चहाची टपरी नाही. डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. ताशी १२०ची परवानगी आहे म्हणून १२०नं जायलाच पाहिजे असं नाही, आणि जुने टायर घेऊन त्या काँक्रीटवर जाणं तर शुद्ध वेडेपणा. निघण्याआधी आम्ही चारही टायर बदलले. ट्रिपमधला सगळ्यात बोअर खर्च, आणि सगळ्यात शहाणा.

नागपूरनंतर राष्ट्रीय महामार्ग ४४. श्रीनगर ते कन्याकुमारी, सुमारे ३,७०० किलोमीटर, देशातला सगळ्यात लांब. पेंचच्या जंगलात हा रस्ता खांबांवर उचललाय, खालून वाघ-हरणांना वाट. भाचा अर्धा तास काचेला नाक लावून बसला. वाघ दिसला नाही, माकडं दिसली, चालतंय.

पुढे सिवनी, नरसिंहपूर, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, पानिपत. ही नावं मोठ्यानं वाचा. सागर गोविंदपंत बुंदेल्यांचं, झाशी नेवाळकरांची, ग्वाल्हेर शिंद्यांचं. इतिहासाचं पुस्तक कुणीतरी डांबरावर अंथरून ठेवलंय असं वाटतं. बाबा हा सगळा इतिहास ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून सांगत होते, आणि आई मधून मधून दशमी आणि ठेचा पुढे पाठवत होती. (डबा घरचाच घ्या. ढाब्यावरचं पनीर पहिल्या दिवशी छान लागतं, तिसऱ्या दिवशी नाही.) मुक्काम सागर, आग्रा, अंबाला आणि मंडी. दिवसाला चार-साडेचारशे किलोमीटर किंवा त्याहून कमी, फक्त पहिल्या दिवशी सव्वासहाशे. रात्रीचं ड्रायव्हिंग अजिबात नाही, हा ताईचा नियम. गाडी तिची, नियम तिचे.

पानिपतला आम्ही मुद्दाम हायवे सोडून काला आंबला गेलो. शहराबाहेर शांत बाग आहे, मधे स्मारक. १४ जानेवारी १७६१. आपण ‘पानिपत झालं’ असं मॅच हरल्यावरही म्हणतो. तिथे उभं राहिल्यावर म्हणवत नाही. बाबांनी तिथल्या माळ्याला विचारलं, जानेवारीत इथं थंडी किती असते? त्यानं सांगितलं की सकाळी धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. बाबा गाडीत बसल्यावर म्हणाले, “दख्खनचे लोक ते. उपाशी, अन् असल्या थंडीत. त्याईले लढाईच्या आधीच मारलं होतं थंडीनं.” उत्तरेच्या थंडीचा विचार त्यांनी तेव्हा पहिल्यांदा सीरियसली केला असावा. अंबाल्याला त्यांनी स्वतःहून कानटोपी मागितली.

अंबाल्यानंतर ४४ नंबर सोडायचा आणि चंदिगडच्या बाजूनं डोंगरात शिरायचं. किरतपूरपासून पुढचा रस्ता एकेकाळी पोटातलं सगळं बाहेर काढायचा. २०२३पासून किरतपूर-नेरचौक चौपदरी झालाय, बोगद्यांतून जातो. मंडीच्या पुढे मात्र बियास नदी एका बाजूला आणि सुटे दगड दुसऱ्या बाजूला. ताईनं पंडोह-औटचा पट्टा एकटीनं चालवला. बाबा तोवर तिला दर पाच मिनिटांनी “जपून गं” म्हणत होते. औटचा बोगदा संपला तेव्हा ते गप्प होते, आणि दहा मिनिटांनी मला म्हणाले, “तुले नाई जमलं असतं.” थँक यू, बाबा.

बॅरिअरच्या अलीकडे

बुधवारी दुपारी मनाली. रात्री पाऊस. गुरुवारी सकाळी समोरचे डोंगर अर्ध्यापर्यंत पांढरे, आणि हॉटेलवाल्याचा चेहरा पडलेला. वर ताजा बर्फ झालाय, रस्ता बंद. मनालीच्या पुढे नेहरू कुंडापाशी पोलीस उभे होते. फक्त फोर-बाय-फोर गाड्या, त्याही थोड्या अंतरापर्यंत. बाकी पर्यटकांनी मागे फिरावं. बर्फ बघायला आलेल्यांना बर्फ जास्त झाल्यामुळे बर्फ बघता येत नाही, हा हिमाचलातला स्टँडर्ड जोक आहे. पोलिसांशी वाद घालणारे दिल्लीचे तीन जण होते. प्लीज, तसं करू नका. ओल्या बर्फावर घसरलेली गाडी थांबत नाही, दरी थांबवते.

संध्याकाळी घरून फोन आला. चुलतकाका. इकडे आभाळ भरून आलंय.

हा भाग मी कुठल्याही ट्रॅव्हल ब्लॉगवर वाचला नव्हता. बाबांचा हरभरा घरात होता, पण गहू उभा होता. चार एकर. आणि आम्ही १,९०० किलोमीटरवर टीव्हीसमोर. हिंदी बातम्यांत निवेदिका सांगत होती, पश्चिमी विक्षोभ सक्रिय आहे. म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स. हा शब्द बाबांना चांगलाच ठाऊक होता. कृषी विभागाच्या मेसेजमध्ये तो दर फेब्रुवारीला येतो.

फंडा असा आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं हवेच्या कमी दाबाच्या लाटा निघतात आणि इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयापर्यंत येतात. तिथे अडल्या की डोंगरावर बर्फ टाकतात. काश्मीर-हिमाचलचा हिवाळा चालतो तो यांच्याच जिवावर. पण लाट जोरदार असेल, मध्य भारतापर्यंत तिचा परिणाम खाली उतरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भाकडे आले, तर तापलेल्या जमिनीवर उंचच उंच ढग उभे राहतात. त्या ढगात वर जाणारा वारा पाण्याच्या थेंबाला पुन्हा पुन्हा थंडीत उचलतो, त्यावर बर्फाचे थर चढतात, वजन पेललं नाही की खाली. ती गार. हिमालयातल्या बर्फाचं तसं नाही. तिथे बाष्पाचे थेट सहा पाकळ्यांचे स्फटिक बनतात आणि हळूहळू उतरतात. पाहुणा तोच. एका घरी पिसं ठेवून जातो, दुसऱ्या घरी दगड.

म्हणजे मनालीत खिडकीबाहेर आई ज्याची वाट बघत होती आणि बाबा ज्याच्या फोनची वाट बघत होते, ते दोन्ही एकाच ठिकाणाहून आलं होतं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. साडेदहाला काकांचा पुन्हा फोन. वारा सुटला, दोन थेंब पडले, गेलं.

शुक्रवारही बंदच. आई हॉटेलच्या गच्चीवर शेगडीपाशी बसून होती. म्हणाली, इथूनही दिसतं की, एवढ्यावर समाधान आहे. आईचं समाधान नेहमी एवढ्यावर असतं म्हणून तर ही ट्रिप काढली होती. परतीच्या हिशोबात हातात एकच दिवस उरला होता.

सरकी काढलेला कापूस

शनिवारी रस्ता उघडला. आम्ही स्वतःची गाडी हॉटेलवर ठेवून लोकल फोर-बाय-फोर टॅक्सी केली. वाटेत रस्त्याकडेला नंबर टाकलेली दुकानं आहेत, माणशी काहीशे रुपयांत जाड कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. भाव करा, आणि बूट घालून चालून बघा; आईला तिसऱ्या जोडीत पाय नीट बसला.

अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा. ३ ऑक्टोबर २०२०ला सुरू झाला. त्याआधी लाहौलमध्ये जायचं तर रोहतांगची खिंड, ३,९७८ मीटर, जी बर्फामुळे वर्षातले पाच-सहा महिने बंद. पलीकडच्या लोकांना हिवाळ्यात दवाखान्यात जायचं तरी हेलिकॉप्टरची वाट बघावी लागायची. आपण तो बोगदा दहा मिनिटांत पार करतो आणि सेल्फी काढतो. दक्षिणेच्या तोंडाशी पाइन, मळभ, ओला रस्ता. आत पिवळे दिवे. आणि उत्तरेच्या तोंडातून बाहेर पडलो, तर एकदम डोळे मिटले. ऊन आणि पांढरं. डोंगर, घरांची छपरं, कुंपणाचे खांब, सगळं एकाच रंगाचं.

सिस्सूला उतरलो. कुणीच काही बोललं नाही. भाच्यानं अर्थातच थेट उडी मारली आणि कमरेपर्यंत आत गेला. आईनं चप्पल काढतात तसा एक बूट काढायला घेतला, ताईनं अडवलं. मग आईनं हातमोजा काढला, वाकून मूठभर उचलला, आणि म्हणाली, “हे तं सरकी काढलेला कापूस हाय.” कापूस वेचण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिनं दिलेली उपमा आहे. मी आजवर वाचलेल्या सगळ्या बर्फाच्या वर्णनांत हीच बेस्ट.

बाबांनी मात्र तपासणी केली. दुसरा शब्द नाही. मूठ भरली, वास घेतला, दाबला, फुंकला, जिभेवर ठेवला. मग हात उंच करून मूठ सोडली आणि खाली पडताना बघत राहिले. पुन्हा एकदा. “वजन नाई याले,” ते म्हणाले. “आवाज बी नाई.” पासष्ट वर्षांत आभाळातून पडणाऱ्या पांढऱ्याला त्यांनी पत्रा वाजल्याशिवाय ओळखलंच नव्हतं. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. डॉक्टरांनी धावपळ नाही सांगितली होती, म्हणून ते धावले नाहीत. बर्फात हळूच मागे टेकले, हात पसरले आणि आभाळाकडे तोंड करून पडून राहिले. वर फक्त निळं होतं.

आईला गुडघ्यांमुळे घसरगाडी वगैरे जमणार नव्हतं. तिला चहावाल्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली. तिनं दशमीचा रिकामा स्टीलचा डबा आणला होता, तो दाबून दाबून बर्फानं भरला. शेजारणीला दाखवायला. मनालीत पोचेपर्यंत तळाशी दोन बोटं पाणी. आई हिरमुसली, बाबांना इंटरेस्ट आला. एवढ्या मोठ्या डब्याचं एवढंच पाणी? मग मी सांगितलं की ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर दहा सेंटिमीटर बर्फाचं जेमतेम एक सेंटिमीटर पाणी होतं. हा तर दाबलेला होता. बाबांनी मान डोलावली. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसाला ही भाषा कळते.

पांढरं खत

परतताना कुल्लूच्या अलीकडे, सफरचंदाच्या बागांच्या पट्ट्यात चहाला थांबलो. झाडं निष्पर्ण, काटक्याच काटक्या. टपरीवर बसलेले गृहस्थ बागायतदार निघाले. बाबांनी पहिला प्रश्न विचारला: एवढा बर्फ पडला, नुकसान किती झालं?

ते हसलेच. नुकसान? हिमाचलातले बागवाले बर्फाला ‘सफेद खाद’ म्हणतात, पांढरं खत. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात झोप लागते आणि ती पुरी झाल्याशिवाय ते नीट फुलत नाही. जुन्या डेलिशियस जातींना सात अंशांच्या खालची थंडी हजार-बाराशे तास लागते. बर्फ तेवढी थंडी देतो, जमिनीतल्या किडी मारतो, आणि वितळताना थेंबाथेंबानं पाणी मुळांना देतो. ज्या हिवाळ्यात बर्फ कमी, त्या वर्षी बागवाल्यांच्या पोटात गोळा. हिवाळे उबदार होत चालल्यानं सफरचंद हळूहळू वर सरकतंय. खालच्या कुल्लूत लोक डाळिंबाकडे वळलेत आणि लाहौलमध्ये नव्या बागा उभ्या राहताहेत. डिसेंबरात आभाळ कोरडं राहिलं की ते गृहस्थ देवळात जातात. आमच्याकडे मार्चमध्ये आभाळ कोरडं राहावं म्हणून जातात.

बाबांना हे पचायला एक कप चहा लागला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. मग तुम्हाला भीती कशाची?

उत्तर एका शब्दाचं होतं. “ओले.”

गारा. एप्रिलपासून पुढे, झाडावर फूल किंवा छोटं फळ असताना. एक गार लागली की सफरचंदाला डाग, डाग लागला की भाव अर्धा. फुलाच्या वेळी उशिरा बर्फ पडला तरी तेच. म्हणून बागांवर जाळ्या लावतात, अँटी-हेल नेट. सरकारी अनुदान मिळतं, पण उभारणीचा खर्च मोठा आणि सगळ्या बागेवर कुणालाच परवडत नाही. त्यांनी लांबून दाखवली. झाडांच्या डोक्यावर गुंडाळून ठेवलेली, खांबांवर.

यानंतरचा पाऊण तास आम्ही बाकीचे फक्त ऐकत होतो. एकाची हिंदी पहाडी, एकाची वऱ्हाडी. पीकविमा, पंचनामा, नुकसान ठरवायला येणारा माणूस किती दिवसांनी येतो, आडत्याचं कमिशन. शब्द वेगळे, तक्रार तीच. बाबांनी गाडीतून घरच्या हरभऱ्याची पिशवी आणली (ती त्यांनी नेमकी कुणासाठी आणली होती हे आजही गूढ आहे), त्यांनी कोल्ड स्टोअरेजमधली चार सफरचंदं दिली. जाळीचा एकरी खर्च, खांबांमधलं अंतर, जाळी किती वर्षं टिकते, हे सगळं बाबांनी हॉटेलच्या बिलामागे लिहून घेतलं. गव्हावर जाळी लावत नाहीत हे त्यांनाही कळतं. पण घरामागे अर्धा एकर कांद्याचं बियाणं असतं, आणि त्याचे गोंडे गारेला सगळ्यात आधी मान टाकतात. मंडीपर्यंत गाडीत बर्फाचा विषय निघाला नाही. जाळीचाच चालू होता.

जायचं असेल तर

मार्चचा पहिला पंधरवडा बेस्ट, पण हातात किमान तीन रिकामे दिवस ठेवा. रस्ता कधी उघडेल हे आभाळ ठरवतं. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत सिस्सूच्या बाजूच्या पंचायती अलीकडे आपल्या सणांसाठी काही आठवडे पर्यटन बंद ठेवतात, तेव्हा तारीख आधी विचारून घ्या. पावसाळ्यात जाऊच नका. जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२५च्या पुरांत बियासनं कुल्लू-मनालीचा हायवे ठिकठिकाणी गिळला होता. मे-जूनमध्ये बर्फ हवा असेल तर रोहतांग, त्याला ऑनलाइन परमिट लागतं. दिवसाला १,२०० पर्यटक गाड्यांची मर्यादा ठरलेली आहे आणि मंगळवारी देखभालीसाठी रस्ता बंद असतो. बाहेरच्या राज्यातल्या गाडीला मनालीत ग्रीन टॅक्सही भरावा लागतो.

येऊनजाऊन चार हजार किलोमीटर धरा. गाडी लिटरला १६ देत असेल तर अडीचशे लिटर पेट्रोल. कूलंट तपासा, बॅटरी जुनी असेल तर बदला. बर्फात रात्रभर गाडी उभी करायची असेल तर हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा, नाहीतर ब्रेक गोठून बसतात. ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांवर येतं, त्यामुळे गॉगल ही स्टाइल नाही, गरज आहे. साठीच्या पुढचं कुणी सोबत असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या, मंडीला एक मुक्काम करा आणि मनालीत पोचल्यावर पहिला दिवस काहीच करू नका. आणि हॉटेल बुक करताना खोली तळमजल्यावरची मागा. मनालीतली बरीच हॉटेलं उतारावर आहेत; रिसेप्शनवरून खोलीत जायलाच तीन मजले उतरावे लागतात, आणि सकाळी चहाला तेवढेच चढावे लागतात.